घोड्याला चावणारी माशी, सर्रा रोग आणि चंद्रपूरचा एक शेतकरी

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना चावणाऱ्या किड्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. दिवस मावळायला लागला की खाडीच्या चिखलातून बारीक चिलटं उठतात. पावसाळ्यात गुरांच्या अंगावर मोठ्या माश्या बसतात आणि संध्याकाळी गोठ्यात धुरी करावी लागते. कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणारे घोडे आणि उंट असतात, त्यांनाही हाच त्रास.

"डॉक्टर, जनावराला चावलेली माशी माणसाला चावली तर काही होतं का?" असा प्रश्न तुमच्याही मनात कधीतरी आला असेल. बहुतेक वेळा याचं उत्तर "घाबरू नका" असंच आहे. पण या उत्तरामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याचे धागे मुंबई-पुण्याशी जोडलेले आहेत आणि एक महत्त्वाचा टप्पा तर विदर्भातला आहे. तोच आज समजून घेऊ.

आधी दोन किडे वेगळे करूया

घोड्यांना त्रास देणारे किडे अनेक आहेत. त्यातले दोन आपण लक्षात ठेवू.

पहिला म्हणजे बारीक चिलट, शास्त्रीय नाव क्युलिकॉइडीस. लांबी जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर. ओला चिखल, शेण, खाडीकाठ इथे याची पैदास होते. पहाटे आणि संध्याकाळी हे जास्त चावतं. काही घोड्यांना याच्या लाळेची ॲलर्जी होते. मग घोडा आयाळ आणि शेपटी झाडाला, खांबाला घासत राहतो, केस झडतात, कातडी जाड होते, जखमा होतात. इंग्रजीत या आजाराला 'स्वीट इच' म्हणतात. नाव गोड असलं तरी घोड्याचे हाल होतात. हा संसर्ग नाही. आपल्याला डास चावल्यावर गांधी उठतात, त्याच जातीचा पण फार तीव्र असा हा प्रकार आहे. मात्र हीच चिलटं 'आफ्रिकन हॉर्स सिकनेस' या विषाणूजन्य आजाराचीही वाहक आहेत. 1959 ते 1961 या काळात या आजाराची साथ मध्यपूर्वेतून भारतापर्यंत पोहोचली आणि या सगळ्या पट्ट्यात मिळून 3 लाखांहून अधिक घोडे, गाढवं आणि खेचरं दगावली.

दुसरा किडा म्हणजे मोठी घोडेमाशी, शास्त्रीय नाव टॅबॅनस. ही भर उन्हात, दिवसाढवळ्या चावते. डासासारखी सुईने हळूच रक्त ओढत नाही, तर कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. त्यामुळे चावा फार दुखतो. आजचा इतिहास या माशीचा आहे.

सर्रा: नाव आपल्याकडचं, रोग जुना

घोड्याला अधूनमधून ताप येतो, रक्त कमी होत जातं, भरपूर खाऊनही अंग झडतं, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, शेवटी मागचे पाय लटपटतात आणि उपचार न मिळाल्यास घोडा मरतो. या रोगाला उत्तर हिंदुस्थानात 'सर्रा' म्हणत आणि जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आजही तेच नाव आहे. काही शब्दकोश या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात, नाकातून येणाऱ्या घरघरीशी त्याचा संबंध जोडतात. इतर काही जण 'सडलेला' या अर्थाचा हिंदी शब्द पुढे करतात. शब्द कुठलाही असो, घोडेवाल्यांना रोग माहीत होता आणि मोठ्या माश्यांच्या दिवसांत तो वाढतो हेही त्यांच्या बोलण्यात होतं.

1880 साली सरहद्दीवरच्या डेरा इस्माईल खान इथे फौजेचे घोडे या रोगाने मरत होते. तपासासाठी ग्रिफिथ इव्हान्स हे वेल्श डॉक्टर गेले. ते पशुवैद्यही होते आणि माणसांचे डॉक्टरही. त्यांनी आजारी घोड्यांचं आणि उंटांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशींच्या मधून वळवळत जाणारा एक जंतू दिसला. ते रक्त निरोगी जनावरांना टोचल्यावर त्यांनाही तोच रोग झाला.

आज आपल्याला वाटेल की प्रश्न इथेच सुटला. पण इव्हान्स यांचं म्हणणं वरिष्ठांनी मानलं नाही. त्याआधी दोनच वर्षं, 1878 मध्ये, कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी उंदरांच्या रक्तात असाच जंतू पाहिला होता आणि ते उंदीर अगदी धडधाकट होते. मग घोड्याच्या रक्तातला जंतू रोगाचं कारण कसा असेल, असा त्या वेळचा समज. एका प्राण्यात निरुपद्रवी असलेला जंतू दुसऱ्या प्राण्यात जीवघेणा ठरू शकतो, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या पचनी पडत नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण चंद्रपूरला गेल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

परळ, पुणे आणि मुक्तेश्वर

1885 मध्ये जे. एच. स्टील या पशुवैद्याने ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये हाच रोग तपासला. त्यांनाही तोच जंतू सापडला आणि त्यांनी त्याला इव्हान्स यांचं नाव दिलं. हेच स्टील पुढच्या वर्षी, 1886 साली, मुंबईत परळला सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. आज या जंतूचं नाव 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' आहे.

1889 साली जनावरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड आणि त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता घोड्यांचा सर्रा. 1893 मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

मुक्तेश्वरलाच लेनर्ड रॉजर्स यांनी माशीचा प्रश्न सोडवला. 1901 साली त्यांनी दाखवलं की आजारी जनावराचं रक्त पिणारी घोडेमाशी अर्ध्यावर उडवून लगेच निरोगी जनावरावर बसवली, तर रोग पोहोचतो. मध्ये वेळ गेला तर पोहोचत नाही.

याचं कारण सोपं आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, तिथे त्याचे काही दिवस जातात. सर्राचा जंतू माशीत वाढत नाही. माशीच्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तात तो थोडा वेळ जिवंत राहतो, इतकंच. चावा दुखतो म्हणून घोडा शेपटी मारतो, माशी अर्धवट रक्त पिऊन उडते आणि शेजारच्या घोड्यावर बसते. वापरलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचावी, तसाच हा प्रकार.

आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा जंतू याचा सख्खा भाऊ. पण तो त्सेत्से माशीशिवाय पसरू शकत नाही आणि ती माशी आफ्रिकेबाहेर नाही. सर्राच्या जंतूने त्या माशीवरचं अवलंबन सोडलं, म्हणून तो उंट, घोडे आणि गुरांबरोबर आशियाभर आणि पुढे दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला.

चंद्रपूरचा शेतकरी

माणसाला सर्रा होत नाही, असंच शंभर वर्षांहून अधिक काळ शिकवलं जात होतं. याला आधारही होता. इतकी वर्षं हजारो माणसं आजारी जनावरांसोबत राहिली, पण त्यांना काही झालं नव्हतं.

2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला येऊन-जाऊन ताप सुरू झाला. हे पाच महिने चाललं. तापाबरोबर रक्तातले जंतूही वाढत आणि कमी होत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने तपास केला. वेगवेगळ्या चाचण्यांमधून एकच उत्तर आलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. 2005 मध्ये हा रुग्ण जगातला या जंतूचा पहिला सिद्ध झालेला मानवी रुग्ण म्हणून प्रसिद्ध झाला. आजारी जनावराच्या रक्तातून लागण झाली असावी, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

जंतू मेंदूपर्यंत पोहोचला नव्हता, त्यामुळे 'सुरामिन' हे औषध देता आलं आणि रुग्ण बरा झाला. सुरामिन हे 1916 सालचं औषध, अशाच जंतूंवर शोधलेलं. जवळजवळ नव्वद वर्षांनी ते विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या कामी आलं.

पण यालाच का झाला? याचं उत्तर 2006 मध्ये मिळालं. आपल्या रक्तात 'एपीओएल-1' नावाचं एक प्रथिन असतं. जंतू ते गिळतो आणि हे प्रथिन त्याच्या आतल्या पिशवीला भोकं पाडून त्याला मारतं. गुरं-घोड्यांकडे हे संरक्षण नाही, आपल्याकडे आहे. या शेतकऱ्याच्या शरीरात मात्र आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांत दोष होता, त्यामुळे हे प्रथिन तयारच होत नव्हतं. जंतू तोच, पण माणसाचं कवच नव्हतं. 1880 मध्ये जी गोष्ट कुणाला पटली नाही, ती इथे माणसाच्या बाबतीत दिसली.

त्याच्या गावातल्या 1,806 लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात या जंतूशी संबंध आल्याच्या खुणा होत्या, पण कुणाच्याही रक्तात जंतू सापडला नाही. म्हणजे संपर्क होत असतो आणि बहुतेकांचं शरीर तो परतवून लावतं. पुढे व्हिएतनाममधल्या एका महिलेला हा आजार झाला आणि तिचं प्रथिन मात्र ठीक होतं. त्यामुळे कवच भक्कम असलं तरी अभेद्य आहे असं म्हणता येत नाही.

ग्रिफिथ इव्हान्स 1935 पर्यंत, वयाची शंभरी गाठेपर्यंत जगले. आपला शोध जगाने मान्य केलेला त्यांनी पाहिला. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं.

तुम्ही काय करायचं?

घोडे, उंट किंवा गुरं पाळत असाल तर:

- चिलटांसाठी: पहाटे आणि संध्याकाळी जनावर आत ठेवा. बारीक जाळी लावा. साध्या मच्छरदाणीतून ही चिलटं आत शिरू शकतात. पंखा लावला तर फार उपयोग होतो, कारण ती वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत. शेण आणि ओला चिखल गोठ्याजवळ साचू देऊ नका.
- घोडेमाशीसाठी: दुपारच्या उन्हात सावली द्या आणि अंगावर पातळ झूल घाला. झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातलेल्या घोड्यांवर माश्या कमी बसतात, असं 2019 च्या एका अभ्यासात दिसलं आहे.
- ताप येणारं, खंगत चाललेलं जनावर इतरांपासून दूर बांधा आणि पशुवैद्यांना दाखवा. रक्त तपासता येतं आणि औषधही आहे.
- एकच सुई दोन जनावरांना वापरू नका.
- धुरीने माश्या थोडा वेळ हटतात, पण धूर कोंडला तर जनावराला आणि तुम्हाला, दोघांनाही खोकला लागतो. हवा खेळती ठेवा.

स्वतःसाठी:

- जनावराची जखम, बाळंतपण किंवा मांस हाताळताना हातमोजे घाला. हातावर चीर असेल तर विशेष काळजी घ्या.
- किडा चावलेली जागा खाजवू नका, साबणाने धुवा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर दाखवा.
- आठवड्याहून जास्त चाललेला किंवा येऊन-जाऊन येणारा ताप अंगावर काढू नका. सिंधुदुर्गात आपण लेप्टो आणि माकडताप दोन्ही पाहिले आहेत आणि दोन्हींचा संबंध प्राण्यांशी आहे. सर्रा माणसात अत्यंत दुर्मीळ. म्हणून साध्या तापाला सर्रा समजून घाबरू नका.

आणि एक गोष्ट न विचारता सांगा: घरी कोणती जनावरं आहेत, त्यांतलं कुणी आजारी आहे का, तुम्ही नुकतंच गोठ्यात, शेतात किंवा जंगलात काय काम केलं. डॉक्टर घाईत विचारायला विसरले तरी तुम्ही सांगा. तापाचं कारण शोधायची दिशा पुष्कळदा तुमच्या या दोन वाक्यांतूनच मिळते.