कुरणात गेलेली शाळा



शिक्षणावर बोलायचे, तर ते शिक्षणशास्त्र जाणणाऱ्याने बोलावे. तो अधिकार माझा नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे थोडेफार वाचले, ते पाळी संपल्यावर, रात्रीच्या दिव्यात. परंतु ज्या बाईंचे स्मरण आज करावयाचे आहे, त्यांनी शाळेचा विचार पोराच्या पोटापासून सुरू केला. म्हणून त्यांची हकीगत सांगण्याचे धाडस करतो.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावी झाला. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीची वाट स्वयंपाकघराच्या अंधारात संपायची. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेतली स्थिर नोकरी त्यांनी सोडली आणि १९४५ साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते.

ताराबाईंचा अनुभव मोठा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला होता. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना मान्य होती, पण तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा खडे, बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने झाली. गरिबीतून निघालेल्या या तोडीचा दुसराही गुण दिसून आला. ज्या मुलाला साग, ऐन, पळस लांबून ओळखता येतो, त्याच्या हाती त्याच झाडाचे पान देऊन मोजायला शिकवले, की ते मूल अडाणी उरत नाही. त्याला आधीच पुष्कळ येत असते; शाळा तेथून पुढे जाते. परिसराचे शिक्षण म्हणतात ते हेच.

आता इतिहासाकडे लक्ष द्या. त्याच १९४५ साली, डहाणू-उंबरगावच्या त्याच पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी गडी म्हणून राबत. मोबदल्यावाचून जमीनदाराचे काम करणार नाही, एवढे साधे वाक्य उच्चारायला तेव्हा छाती लागत होती. ज्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची, ती ही माणसे.

१९५७ साली संस्थेचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे मुख्य अडचण शाळेच्या इमारतीची नव्हती. मूलच येत नव्हते. थोरली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरे; मुलगा गुरांमागे जाई. याला आईबापांची अनास्था म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी कारण शोधले आणि त्यावर उपाय केला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. धाकटा पाळणाघरात राहिला, म्हणजे थोरलीचे हात मोकळे झाले. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात शिक्षिका गेल्या, ती अंगणवाडी. आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा.

येथे माझ्यासारख्याने एक आक्षेप घ्यावा लागेल. गुरे राखणाऱ्या पोराला कुरणातच शिकवले, म्हणजे त्याची मजुरी मान्य केली असे नव्हे काय? प्रश्न खरा आहे. दहा वर्षांचे पोर राबते, ही गोष्ट कोणत्याही शाळेने गोड होत नाही. पण मजुरी संपेपर्यंत अक्षर थांबवायचे, तर ती पिढी हातची गेली. बापाला मजुरी मिळवून देणे हे चळवळीचे काम. तोवर पोराला अंक-अक्षर देणे हे शिक्षिकेचे. एकाच पट्ट्यात दोन्ही कामे चालली आणि दोन्हींची गरज होती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतरही अनुताईंनी ती टेकडी सोडली नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ साली, सत्तेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी एकच वर्ष सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. विषय पुस्तकात आला, गुणपत्रिकेवर आला. पण परीक्षेपुरते झाडाचे चित्र रंगवणारे मूल आणि झाडाखाली शिकलेले मूल, यांतले अंतर निर्देशाने भरून निघत नाही.

अंगणवाडी हा शब्द मात्र देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना तेच नाव मिळाले. आता हे नाव गावोगाव आहे. पण त्या केंद्रात काम करणाऱ्या बाईला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. मान आणि धन, दोन्ही शब्द मोठे. पदरात पडते ते थोडे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेही २०२२ साली.

थोरांचा सत्कार करण्याची आपल्याकडे हौस आहे. तसबीर लागते, हार पडतो, पुढच्या वर्षी हार बदलतो. अनुताईंचा गौरव करायचा असेल, तर आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीत जाऊन पाहावे. तेथे अंगण आहे का? मुलांना माती, पान, बी हाताळता येते का? आणि शिकवणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात का? हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे मिळवणारी पाच माणसे या सभेतून निघाली, तर व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी समजेन.