शाईची रिबन

'रेझिडेंट इव्हिल' खेळण्याच्या कितीतरी आधी मी तो पाहिला. दादा कॉम्प्युटरसमोर बसलेला आणि मी मागे पलंगावर, उशी घट्ट धरून. झॉम्बींपेक्षा जास्त भीती टाइपरायटरची वाटायची. या गेममध्ये टाइपरायटरशिवाय सेव्ह करता येत नाही, त्यासाठी शाईची रिबन लागते आणि रिबन असतात मोजक्याच. आत्ता सेव्ह करायचं की आणखी एक दार उघडायचं? यावर आम्ही अक्षरशः भांडलोय.

ही टंचाई जुनी आहे. कॅपकॉमने १९८९ मध्ये 'स्वीट होम' काढला. झपाटलेली हवेली, हातात मावेल तेवढंच सामान, आणि मेलेलं पात्र कायमचं गेलं. तो करणारे तोकुरो फुजिवारा पुढे 'रेझिडेंट इव्हिल'चे निर्माते झाले, दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. १९९६ च्या या गेमनेच 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव रूढ केलं. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं प्रसिद्ध धुकं तर निम्मं नाइलाजाचं: प्लेस्टेशनला लांबचं दृश्य झेपत नव्हतं, ते धुक्यात झाकलं.

मग गोळ्या वाढल्या. २००५ चा 'रेझिडेंट इव्हिल ४' मला मनापासून आवडतो, पण त्यात मी घाबरण्यापेक्षा नेम धरण्यातच जास्त वेळ घालवला. २०१२ मध्ये कॅपकॉमचे निर्माते मासाचिका कावाता यांनी सांगून टाकलं, की 'कॉल ऑफ ड्यूटी'पुढे सर्व्हायव्हल हॉररची बाजारपेठ लहान आहे. त्याच वर्षीचा 'रेझिडेंट इव्हिल ६' म्हणजे जवळजवळ ॲक्शनपटच.

गंमत अशी, की दोन वर्षं आधीच स्वीडनमधल्या फ्रिक्शनल या छोट्या स्टुडिओने 'ॲम्नेशिया' काढला होता. त्यात शस्त्रच नाही. लपायचं, कंदिलातलं तेल जपायचं, आणि राक्षसाकडे बघत राहिलात तर डोकं फिरतं. लोक तो खेळताना स्वतःच्या किंकाळ्या रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू लागले. प्यूडिपायचं नाव आधी झालं ते अशाच व्हिडिओंमुळे.

कावातांचा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी खेळणारे मोजले. पलंगावर उशी धरून बसलेले राहून गेले. अर्थात, नुसतं बघणाऱ्याकडून कंपनीला थेट पैसा मिळत नाही, हेही खरंच. पण २०१७ मध्ये कॅपकॉम पुन्हा एका अंधाऱ्या घरात शिरली, आणि २०१९ चा 'रेझिडेंट इव्हिल २'चा रीमेक एक कोटीहून जास्त विकला गेला.

गेल्या दिवाळीत तोच रीमेक मी लावला. या वेळी दादा मागे. हार्डकोर पातळीवर अजूनही रिबन लागते.

"सेव्ह कर गं," तो म्हणाला.

एकच उरली होती. मी दार उघडलं.