लाहोरचा वाटा

चंदीगड पाहून परतलेला मराठी प्रवासी बहुधा एक वाक्य उच्चारतोच : शहर देखणे आहे, पण त्याला इतिहास नाही. या वाक्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. भूतकाळाच्या जोखडातून मुक्त अशा भारताचे प्रतीक म्हणूनच पंडित नेहरूंनी या नगराची कल्पना केली होती आणि १९५१ साली ल कॉर्बुझिए यांच्याकडे आराखड्याचे काम आले तेव्हा शिवालिकच्या पायथ्याशी आंब्याची झाडे, काही खेडी आणि नगराला नाव देणारे चंडीचे देऊळ एवढेच होते. विभागांना नावे न देता आकडे दिले गेले. सिमला-कुलू-मनालीच्या सहलीत येथे एक मुक्काम असतो; त्यात रॉक गार्डन, गुलाबांची बाग आणि सुखना तलाव उरकले जातात. दहाव्या सेक्टरमधले शासकीय वस्तुसंग्रहालय मात्र, गुलाबबागेपासून फार दूर नसूनही, बहुधा राहून जाते. ते राहून गेल्यामुळेच वरील वाक्य इतक्या निःशंकपणे उच्चारता येते. आराखड्यात ज्या भूतकाळाला जागा नव्हती तो या नगराच्या संग्रहालयात आणि बागांत येऊन राहिला आहे, आणि तो सगळाच्या सगळा कशातून तरी वेगळा काढलेला, कुठून तरी उचलून आणलेला आहे.

या संग्रहालयाची कथा चंदीगडला सुरू होत नाही. ती लाहोरला सुरू होते, आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक म्हणून आले. महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट हे त्यांचे काम आजही मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर आहे, जरी भाजी घेण्याच्या घाईत तिकडे मान वर करून पाहणारे विरळाच. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले. तेथे मेयो कलाशाळेचे प्राचार्यपद आणि संग्रहालयाचे अभिरक्षकपद अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. १८६४ च्या पंजाब प्रदर्शनासाठी उभारलेल्या इमारतीत ते संग्रहालय तेव्हा भरत असे. नव्या वास्तूची कोनशिला १८९० साली बसली आणि १८९४ मध्ये ती खुली झाली. लोक तिला अजायबघर म्हणत. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील, १८७२ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाला मुंबईकर अजबखाना म्हणत आले आहेत. वसाहतकाळातील या संस्थांचे हेतू राज्यकर्त्यांचे होते. परंतु त्यांना मिळालेले नाव लोकांचे होते, आणि त्या नावातला अचंबाही लोकांचाच.

या अचंब्याला इंग्रजी कादंबरीतही स्थान मिळाले. लॉकवुड यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र रुडयार्ड यांच्या १९०१ सालच्या 'किम' या कादंबरीच्या आरंभी एक तिबेटी लामा लाहोरच्या संग्रहालयात येतो आणि गांधारशैलीतील बुद्धमूर्तींपुढे विस्मयाने थबकतो. त्याला हिंडवून दाखविणारा अभिरक्षक हे लेखकाच्या पित्याचेच चित्र आहे. साम्राज्यवादी दृष्टीची म्हणून या कादंबरीची जी चिकित्सा झाली ती योग्यच आहे. तरीही दूर देशीच्या यात्रेकरूला आपले दैवत परक्यांच्या सरकारी इमारतीत भेटावे, ही त्या प्रसंगातील विलक्षणता साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. ज्या संग्रहापुढे तो लामा उभा राहिला त्याचा मोठा भाग आज सीमेच्या अलीकडे, चंदीगडला आहे.

तो अलीकडे कसा आला हे नीट पाहिले पाहिजे. १९४७ साली पंजाब दुभंगला, लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. माणसांची, जमिनींची आणि कर्जांची जशी वाटणी झाली तशी संग्रहालयाचीही झाली. १० एप्रिल १९४८ रोजी लाहोरच्या संग्रहाची विभागणी ठरली : साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. मराठी वाचकाला 'वाटणी' हा शब्द अपरिचित नाही. आपल्याकडच्या वाड्यांतून, वतनांतून, देवाच्या पूजेच्या पाळ्यांतूनही तिचे कागद झाले आहेत, आणि वाटणीत तांब्याचा हंडा मोडून दोघांना अर्धा-अर्धा द्यावा इतका कडवटपणा कधी येतो हेही आपण ऐकून आहोत. येथे तेच राष्ट्रांच्या पातळीवर घडले. मोहेंजोदडोच्या उत्खननातील दागिन्यांचे तर मणी वेगळे करून हार दोन केले गेले. चार-साडेचार हजार वर्षे मातीखाली अखंड राहिलेली वस्तू शोधली जाऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच तुटावी, याला न्याय म्हणावे की गणित, हा प्रश्न उरतोच. गांधारशिल्पे अशी तोडावी लागली नाहीत. ती मोजून दिली गेली. उपाशी सिद्धार्थाची, हाडांचा सापळा उरलेली सुप्रसिद्ध मूर्ती लाहोरलाच राहिली.

भारताच्या वाट्याला आलेल्या वस्तू एप्रिल १९४९ मध्ये मिळाल्या. मात्र त्या ठेवायच्या कोठे? राजधानीच नव्हती. प्रथम अमृतसर, मग सिमला, मग पतियाळा असे मुक्काम झाले. लक्षावधी माणसे छावण्यांतून दिवस काढीत होती तेव्हा करड्या दगडातले हे बोधिसत्त्वही एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहिले. निर्वासित हा शब्द मूर्तींना लावणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल; प्रवासाचा क्रम मात्र तोच आहे.

या वाट्याला घर मिळवून दिले ते मोहिंदरसिंग रंधावा यांनी. शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ, नोकरीने आय. सी. एस. अधिकारी आणि आवडीने पहाडी चित्रांचे संग्राहक व भाष्यकार असा हा माणूस. फाळणीनंतर पूर्व पंजाबातील निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम त्यांच्याकडे होते. पुढे चंदीगडच्या रस्त्यांवर कोणती झाडे लावावीत हे ठरविण्यात त्यांचा मोठा हात होता आणि १९६६ च्या पुनर्रचनेनंतर ते केंद्रशासित चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त झाले. माणसे, झाडे आणि चित्रे ही तिन्ही नव्या मातीत रुजवावी लागतात याची जाण त्यांच्या कामात सर्वत्र दिसते. ६ मे १९६८ रोजी संग्रहालय खुले झाले. ल कॉर्बुझिए त्यापूर्वीच, १९६५ साली, निवर्तले होते.

वास्तू चौरस आहे. बाहेरून लाल विटांची, आतून उघड्या काँक्रीटची. एक मंद चढण पाहणाऱ्याला वरच्या दालनात नेते आणि छतातील झरोक्यांतून उजेड खाली उतरतो. ल कॉर्बुझिए यांच्या मनात अनेक वर्षे एका 'अमर्याद वाढणाऱ्या' संग्रहालयाची कल्पना होती : मध्यापासून चौकोनी सर्पिलाकाराने हवे तेवढे बाहेर विस्तारत जाणारी वास्तू. अहमदाबादचे संस्कार केंद्र, तोक्योचे पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आणि चंदीगडचे हे संग्रहालय ही तिन्ही त्या कल्पनेची अपत्ये. प्रत्यक्षात मात्र येथे तिला विचित्र वळण मिळाले. गांधारचा प्रदेश, म्हणजे पेशावरचे खोरे आणि भोवतालचे डोंगर, सीमेपलीकडे आहे. नवी शिल्पे तेथून यायची नाहीत. अमर्याद वाढीच्या कल्पनेतून जन्मलेल्या वास्तूत मुख्य संग्रह असा ठेवला गेला की ज्याचा उगमच बंद झाला होता.

सहाशेंहून अधिक गांधारशिल्पे येथे आहेत. भारतात ही शैली मोठ्या संख्येने पाहायची तर कोलकाता किंवा चंदीगड गाठावे लागते. कार्ले, अजिंठा येथील बुद्धाशी परिचित असलेल्या मराठी डोळ्यांना हा बुद्ध आरंभी परका वाटतो. वस्त्राच्या चुण्या जाड आणि खोल, केस लाटांसारखे, कुठे मिशीसुद्धा. आपल्याकडे लेणे डोंगरातच राहिले. शिल्प जेथे कोरले तेथेच ते पाहावे लागते. गांधारचे शिल्प स्तूपाच्या अंगावरून सुटे झालेले, म्हणून नेता येण्याजोगे आणि म्हणूनच वाटता येण्याजोगे. वेरूळचे कैलास लेणे कोणाच्या चाळीस टक्क्यांत बसविता आले नसते.

वाट्याचा दुसरा भाग चित्रांचा. रंधावांनी पहाडी राजघराण्यांकडून मिळविलेल्या चित्रांची त्यात भर पडली. १७३० सालच्या, माणकूने रंगविलेल्या 'गीतगोविंद' चित्रमालिकेची अनेक पाने येथे आहेत. सपाट, तापलेल्या रंगांची पार्श्वभूमी आणि तीपुढे एखाद्या नाटकासारख्या उभ्या केलेल्या राधा-कृष्ण-सखी. ही चित्रे कोणी काढली, हा प्रश्न पूर्वी संस्थानांच्या नावांनी मिटविला जाई : बसोहली शैली, गुलेर शैली, कांगडा शैली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात अध्यापन करणारे ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी यांनी हरिद्वार आदी तीर्थांच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या, चित्रकारांनी यात्रेला गेल्यावर त्यांत केलेल्या नोंदी शोधल्या आणि सेऊ, त्याचे पुत्र माणकू व नैनसुख अशी एका घराण्याची वंशावळ उभी केली. कुटुंब हाच शैलीचा आधार, हा त्यांचा सिद्धान्त १९६८ साली मुंबईच्या 'मार्ग' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे मोल जाणणाऱ्या मराठी संशोधकाला ही पद्धत आपली वाटेल. सरगोध्यात जन्मलेले गोस्वामीही सीमेपलीकडून आलेलेच. २०२३ मध्ये चंदीगडला त्यांचे निधन झाले.

प्रवासी राजवाडे शोधतो. चंदीगडला तो मिळत नाही, आणि न मिळण्यामागे एक चांगली हकीकत आहे. कॅपिटॉलच्या परिसरात विधानसभा, सचिवालय व उच्च न्यायालय यांच्या जोडीला राज्यपालांचा प्रासाद योजिला होता. त्याचे नकाशे झाले, गच्चीवरच्या बागेची कल्पना झाली. लोकशाहीत असा प्रासाद शोभत नाही, असे नेहरूंचे मत पडले आणि तो बेत रहित झाला. त्या जागी ज्ञानाचे संग्रहालय व्हावे असा पर्याय पुढे आला, तोही कागदावर राहिला. २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या त्या परिसरात आजही ती जागा मोकळी आहे.

ज्या नगरात राज्यपालांचा प्रासाद झाला नाही तेथे एका रस्ते निरीक्षकाने मात्र आपले राज्य उभारले. नेकचंद सैनी हे शकरगढ तहसिलीतल्या बेरियां कलां गावचे. ते गाव पाकिस्तानात गेले. चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते नोकरीला लागले. नव्या नगरासाठी जुनी खेडी पाडली जात होती. त्यांच्या भिंतींचे तुकडे, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, मोडक्या सायकलींच्या चौकटी, विजेची निकामी बुडखी आणि ओढ्यातले दगड हे सारे त्यांनी १९५७ च्या सुमारापासून सायकलवरून सुखनाजवळच्या झाडीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. ती जमीन राखीव. तेथे काहीही बांधणे बेकायदा. दिवसा नोकरी आणि रात्री टायर जाळून त्याच्या उजेडात काम, असे कैक वर्षे चालले. १९७०च्या दशकाच्या मध्यास अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला तेव्हा पाडून टाकणे हाच नियम होता. तो मोडला गेला, आणि मोडणाऱ्यांत पुन्हा रंधावा होते. १९७६ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. १९९० साली त्यातून रस्ता काढण्यासाठी यंत्रे आली तेव्हा चंदीगडकर त्यांच्या आडवे उभे राहिले.

रॉक गार्डनला लोककला, भोळी कला अशी लेबले लावून समीक्षकांनी ते सोपे करून टाकले आहे. खरे तर ती एक वाटणीच आहे, कोणी न मागितलेली. बांगड्यांच्या काचांचे ते घोळके, पंक्तीने उभ्या त्या स्त्रिया, पाण्याचे घडे आणि अरुंद कमानींतून वाकून जावे लागणारे ते मार्ग पाहिले की, ज्या गावी परत जाता येत नाही ते गाव टाकाऊ वस्तूंतून जमविण्याचा हा खटाटोप आहे हे ध्यानात येते. जेथे सरळ रेषा हाच नियम त्या नगरात येथे एकही वाट सरळ नाही. २०१५ मध्ये नेकचंद गेले.

गुलाबबाग, १९६७ साली सोळाव्या सेक्टरमध्ये झालेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव ल्यालेली, हीदेखील रंधावांचीच उभारणी. ती नेटकी आहे, हिवाळ्याच्या अखेरीस डोळे निववणारी आहे. तिच्याविषयी याहून अधिक सांगण्याजोगे नाही. सांगण्याजोगे आहे ते कालक्याच्या वाटेवरील पिंजोरच्या बागेविषयी. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान कोका याने सतराव्या शतकात ती रचली. सात टप्पे, मधून वाहणारा पाट, कारंजी आणि जलमहाल. वैशिष्ट्य असे की पाहणारा सर्वांत वरच्या टप्प्यावर प्रवेश करतो आणि बाग त्याच्यापुढे खाली खाली उलगडत जाते. स्थानिक राजाने गलगंड झालेली माणसे जनानखान्यासमोर आणून उभी केली आणि घाबरलेल्या बेगमांनी खानाला तेथून हलवले, अशी आख्यायिका आहे. पुढे ती पतियाळा घराण्याकडे आली व यादवींद्र उद्यान हे नाव तिला मिळाले. याच फिदाई खानाच्या देखरेखीखाली लाहोरची बादशाही मशीद १६७१ ते १६७३ या काळात बांधली गेली. म्हणजे चंदीगडच्या जन्माआधी पावणेतीनशे वर्षे लाहोरच्या एका हाताने येथे वाफे आखले होते. १७५८ साली राघोबादादांच्या फौजा लाहोरपर्यंत गेल्या, एवढ्यावर मराठी इतिहासस्मृती थांबते. लाहोरचे असे धागे तिने फारसे उकललेले नाहीत.

एक लहान घर पाहायचे राहते. ल कॉर्बुझिए येत-जात असत. त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे मात्र १९६५ पर्यंत चंदीगडला राहिले. पाचव्या सेक्टरमधील त्यांचे विटांचे साधे घर २०१७ पासून संग्रहालय झाले आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आराखड्यांवरून सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या गेल्या होत्या. त्या जुन्या झाल्या, गच्च्यांवर आणि मागल्या अंगणांत साठल्या, भंगार म्हणून लिलावात निघाल्या आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांत मोठ्या किमतींना विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली केंद्र सरकारने अशा विक्रीस मनाई केली. तोवर बऱ्याच गेल्या होत्या. दुसऱ्यांचे टाकलेले जमवून ज्या नगराने आपले संग्रह उभे केले, त्याला स्वतःच्या वस्तू भंगारात निघाल्याचे कळले ते परदेशी लिलावांच्या यादीतून.