दौरा, भत्ता आणि खांदेरी

मांडव्याला दौऱ्यावर जायचे आहे, असे मी कचेरीत जाहीर केले आणि त्या क्षणापासून आमच्या बँकेतला प्रत्येक इसम खर्जात बोलू लागला. १९९० साली 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन मांडव्याचा झाला, तेव्हापासून या गावाला स्वतःचा असा आवाजच उरलेला नाही. शिपायाने फाइल देताना माझे नाव, वडलांचे नाव आणि गाव असे सगळे घोगऱ्या आवाजात विचारून घेतले. माझे गाव डोंबिवली. घोगऱ्या आवाजात डोंबिवली म्हणून पाहा, काही होत नाही.

काम साधे होते. मांडव्याजवळच्या कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने बोटीच्या इंजिनासाठी कर्ज काढले होते. दोन हप्ते थकलेले, तिसरा थकायच्या बेतात. मी जाऊन बोट प्रत्यक्ष पाहायची आणि मुदत द्यावी की बोटीवर टाच आणावी, ते लिहायचे. खाली तांबड्या शाईत तळटीप : कर्जदाराचा पाहुणचार घेऊ नये.

भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट मांडव्याला जाते. माझ्याकडे मोटार नसल्यामुळे मी नुसताच गेलो. तासाभरात मांडवा आले. नाखवा धक्क्यावर हजर होता, पण बोट नव्हती.

"बोट दर्यावर हाय सायेब. पोरगा घेऊन गेलाय. सांजच्याला येईल."

सकाळचे साडेदहा वाजले होते. आठ तास करायचे काय? बारा वाजता नाखव्याच्या घरातून ताज्या बोंबलांचा वास आला आणि तळटीप आठवली. मी म्हणालो, "मी डबा आणलाय." डब्यात दुधी भोपळा होता. नाखवीण बाहेर आली. माझ्या डब्याकडे तिने ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमचे मुख्य हिशेबनीस बिनसहीच्या व्हाउचरकडे पाहतात.

"तुमी उपाशी बसलाव म्हंजे आमचा याज कमी होणार हाय का?" तिने विचारले.

या प्रश्नाला बँकेच्या नियमावलीत उत्तर नाही. पुढचा अर्धा तास तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील, वालाचे बिरडे आणि बुक्कीने फोडलेला अलिबागचा पांढरा कांदा. हा कांदा डोळ्यांतून पाणी काढत नाही. चवीला जवळजवळ गोड. खाताना पाणी आलेच असेल तर ते तळटीप आठवून आले असावे. दुधी भोपळा नाखविणीच्या कोंबड्यांना गेला. त्यांनीही तो फारसा मनावर घेतला नाही.

दुपारी नाखव्याने मला किनाऱ्यावर नेऊन दक्षिणेकडे बोट दाखवले. हाताचे बोट, दुसरी अजून यायची होती. लांबवर दोन काळे ठिपके दिसत होते. खांदेरी आणि उंदेरी.

आता इतिहासाचे थोडे सांगतो, कारण तिथेही भानगड शेवटी हिशेबाचीच होती. १६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधू लागला. बेट ओसाड. पण मुंबई तिथून जेमतेम विसेक किलोमीटर, म्हणजे मुंबईत शिरणारे प्रत्येक जहाज महाराजांच्या नजरेखालून जाणार. इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी बेटाला वेढा घातला. त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला तो ठार झाला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार चालून आले. 'डव्ह' नावाची इंग्रजी गुराब मराठ्यांनी धरली. कॅप्टन केग्विन 'रिव्हेंज' या एकट्या जहाजावरून झुंजला आणि त्याने मराठ्यांना मागे रेटले, हेही सांगायला हवे. पण वेढा काही जमेना. रोज रात्री किनाऱ्यावरून धान्य, दारूगोळा घेऊन होड्या बेटावर जात आणि इंग्रज पाहत राहत.

"जाणारच," नाखवा म्हणाला. जणू कालच जाऊन आला होता. "वारा पडला की मोठं गलबत जागच्या जागी. आमची होडी वल्ह्यावर. खडकात पाणी उथळ, तिकडं त्यांचं जहाज येईल कसं?"

इतिहासकारांनी याच गोष्टीला पानेच्या पाने दिली आहेत.

अखेर कंपनीने खर्चाकडे पाहिले आणि १६८०च्या सुरुवातीला तह करून खांदेरीचा नाद सोडला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट चढवला आणि दोन्ही शेजारी एकमेकांवर तोफा डागत बसले. आमच्या सोसायटीत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचे हेच चालते, फक्त तोफांऐवजी कुंड्यांचे पाणी असते. केग्विनचे पुढे काय झाले? कंपनीने काटकसर म्हणून लष्कराचे पगार आणि भत्ते छाटले. तेव्हा १६८३च्या डिसेंबरात या गृहस्थाने बंड करून मुंबईच ताब्यात घेतली आणि जवळजवळ वर्षभर चालवली. आमच्या भत्ते-विभागाने हे वाचावे, अशी माझी फार इच्छा आहे.

सहाला बोट आली. मासळी दोन पाट्या. पोरगा काही बोलला नाही. बापाने पाट्यांकडे पाहिले आणि तोही बोलला नाही. मग मला बोटीत घेऊन त्यांनी इंजिन चालू केले आणि धक्क्यापासून चांगले दूर फिरवून आणले. इंजिन उत्तम होते. दूर खांदेरीचे दीपगृह लुकलुकू लागले. नाखव्याने तिकडे वळून हात जोडले. बेटावर वेताळाचे देऊळ आहे.

"सायेब," तो हात तसेच ठेवून म्हणाला, "जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. त्याच्या आत हप्ते भरतो. बोट नेलीत तर मात्र मी भरू कशातनं?"

मायनाक भंडाऱ्याच्या पाठीमागे महाराज होते. या माणसाच्या पाठीमागे माझा अहवाल होता, आणि तो लिहिणाऱ्याच्या पोटात त्याचेच बोंबील. बोंबलांमुळे लिहितोय की इंजिनामुळे, हे मी रात्रभर स्वतःलाच विचारले. सकाळी लिहिले : बोट पाहिली. इंजिन सुस्थितीत. मे अखेरपर्यंत मुदत द्यावी. खाली, मन खात होते म्हणून, 'एक वेळ जेवलो' हेही लिहिले.

मुदत मिळाली. मेच्या पंचवीस तारखेला दोन हप्ते जमा झाले, तिसरा एकतीसला. माझे दौऱ्याचे बिल मात्र परत आले. जेवलो होतो, तेव्हा त्या दिवसाचा भोजनभत्ता कापला होता. आणि 'समुद्रातून बोटीने पाहणी' यासमोर तांबड्या शाईत शेरा होता : तिकीट जोडावे.