कोकण, केनिया आणि विलायत

आम्हां कामरगावकरांना हिजरत म्हटली की १९४७ आठवते. कोकणी मुसलमानांची हिजरत दुहेरी आहे. मोंबासा-नैरोबीत त्यांचे संसार रुजले. १२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला. ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही, त्यांना अर्जासाठी दोन वर्षांची मुदत होती. अनेक हिंदी लोकांनी ब्रिटिश पासपोर्टच जपला. आमच्या मते तो आळस नव्हता, धास्ती होती. १९६७च्या कायद्यांनी नोकरी-धंद्याला परवाने लागू लागले. लोक लंडनकडे निघाले, तोच १ मार्च १९६८ला ब्रिटनने दार अडवले: पासपोर्ट ब्रिटिश असला तरी आईबाप वा आजाआजीपैकी कोणीतरी जन्माने किंवा नोंदणीने तिथलाच हवा! इतरांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना व्हाउचर. बाकीच्यांनी सामान बांधून नैरोबीतच थांबायचे.