काना कुठल्या खणात?

आमचे आजोबा, म्हणजे दादा, नगरच्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सनावळ्या पाठ असतात. प्रत्येक सन त्याच्या हाताखालून कधी ना कधी गेलेला असतो. दादांचा इतिहास १८१३ पासून सुरू व्हायचा. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, पण ते चिकटून राहिले, मराठी शिकले, आणि त्यांनी शाळा काढल्या. शाळा चालू झाल्यावर लक्षात आलं की वाचायला शिकलेल्या पोराच्या हातात द्यायला मराठीत छापलेलं काही जवळपास नाहीच. मग छपाईचं काम जाणणारा बार्डवेल १८१६ मध्ये आला. यंत्र आणि नागरी खिळे कलकत्त्याहून आणले आणि १८१७ मध्ये पहिली छोटी पत्रिका निघाली.

इथवर दादा भराभर सांगायचे. त्यांचा जीव खरा पुढच्या गोष्टीत होता. ते खिळे ओबडधोबड होते आणि मराठी अक्षर इंग्रजीसारखं एका रांगेत बसत नाही. वर मात्रा, खाली उकार, मध्ये अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. इंग्रजीला जिथे शंभरेक खणांत भागतं, तिथे मराठी जुळाऱ्यापुढे कितीतरी पट खण मांडावे लागतात. मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमनं नवे ठसे कोरले, अक्षर घाटदार केलं. त्याच्या हाताखाली टाइप घासायला एक गरीब पोरगा लागला, जावजी दादाजी. त्यानं १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना घातला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या छपाईसाठी ज्या निर्णयसागरचं नाव देशभर झालं, त्याचं अक्षर मिशनच्या खोलीत हात काळे करून शिकलेलं होतं. त्याच्या आधी गणपत कृष्णाजींनी मिशनची छपाई पाहून स्वतःचं शिळायंत्र उभं केलं, शाईसुद्धा स्वतः घोटली. दादा म्हणायचे, "यंत्र जहाजातून येतं रे, कारागीर इथंच घडवावा लागतो."

आजीकडची गोष्ट वेगळी. ती नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, आणि तिच्या आजीपासून घरात मिस फरारचं नाव घेतलं जायचं. सिंथिया फरार १८२७ च्या शेवटी मुंबईत आली. लग्न न झालेली, एकटी बाई, मुलींना शिकवायला समुद्र ओलांडून आलेली. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनानं घेतलं, आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ ची पुण्याची शाळा सगळ्यांना माहीत असते, त्यामागचं नगर कमी जणांना. आजीला याचं फार वाटे. मिस फरारनं आणलेल्या वस्तूंची यादी कुणी ठेवलेली नाही, पण तिनं तयार केलेल्या मास्तरणींमुळे तिचं नाव टिकलं, असं ती म्हणायची. मला आजही हे पटतं.

पणजोबा १८९९–१९०० च्या दुष्काळातलं अनाथ पोर. मिशननं अशा मुलांना सांभाळलं, सुतारकाम, विणकाम शिकवलं. नगरला चर्चिल नावाचे इंजिनियर मिशनरी होते, त्यांनी हातमागात सुधारणा करून आपला माग बनवला. पणजोबांचे हात त्या मागावर बसले. 'भाकरीसाठी बाटले' हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं. भाकर मिळाली हे ते नाकारत नसत. पण ज्या गावानं त्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं, त्या गावाला हे बोलायचा अधिकार नाही, असं त्यांचं मत होतं, आणि माझंही आहे.

घरातली आणखी एक गोष्ट कॉम्प्युटरची, ती मावशीकडून आलेली. ती जिल्ह्यातल्या एका गरीब बोर्डिंग शाळेत शिकवायची. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका चर्चचे स्वयंसेवक हिवाळ्यात तिथे आले. निवृत्त शिक्षक, एक नर्स, एक गवंडी, सगळे पदरचे पैसे घालून आलेले. त्यांच्याबरोबर तिथल्या ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर होते. नारळ फोडला, प्रार्थना झाली, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर शाळेनं पहिला कॉम्प्युटर लावला आणि पाठीमागून धूर आला. अमेरिकेत घरातली वीज साधारण १२० व्होल्टची, आपली २३०. पाठीमागे एक छोटी लाल कळ असते, ती ११५ वरून २३० वर सरकवायची असते. काही मॉनिटरना तर तीही नव्हती. त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मरच लागत होता. हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग बाकीचे चादरीखाली झाकले गेले आणि खोलीला कुलूप लागलं. मुलं खिडकीतून बघायची.

दिलेली वस्तू बिघडेल या धास्तीनं गरीब शाळा ती जपून ठेवते. याचा दोष मी शाळेला देत नाही. महागाची वस्तू मोडली तर जाब कुणाला द्यायचा, हा प्रश्न ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्यालाच पडतो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच चर्चचा एक इलेक्ट्रिशियन आला. त्यानं चादरी काढल्या, शाळेच्या सुतारकामाच्या गुरुजींना शेजारी बसवलं आणि एक कॉम्प्युटर पूर्ण उघडून दाखवला. दुसरा त्यानं गुरुजींना उघडायला लावला, तिसरा नववीच्या मुलींना. त्याला आणि गुरुजींना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पेचकस दोघांनाही चालवता येत होता. जळलेल्याचे भाग चांगल्यात गेले, नगरच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर आले, आणि खोलीचं कुलूप निघालं.

दादा तेव्हा थकले होते, तरी हट्टानं बघायला गेले. कीबोर्डवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "यात काना कुठल्या खणात?" मावशीकडे उत्तर नव्हतं. मशीनला मराठी येतच नव्हतं. दादा म्हणाले, "मग हे १८१३ चंच झालं की. पोरं वाचायला तयार, आणि अक्षर नाही."

देवळातल्या महिला मंडळानं वर्गणी काढून मराठीचं सॉफ्टवेअर घेतलं. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. मांडणी इनस्क्रिप्टची, सगळ्या भारतीय लिप्यांसाठी ठरलेली: स्वर आणि स्वरचिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळीवर. काना इंग्रजी ई च्या कळीवर होता. दादांनी सगळी मांडणी नीट पाहिली आणि ती कुणी जाणत्या माणसानं केलीय, असा निर्वाळा दिला. जुळाऱ्याच्या तोंडून याहून मोठी पावती मी ऐकली नाही. त्या वर्षी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मुलींनी शाळेतच जुळवल्या. त्यांतली एक पुढे नगरला डीटीपीचं काम करू लागली. लग्नपत्रिका, गाथेची पारायणपत्रकं, चर्चची साप्ताहिकं, सगळं तिच्याकडून निघतं.

त्यानंतर अमेरिकेहून पत्र आलं, यंदा किती कॉम्प्युटर आणू? मावशीनं दादांशी बोलून उत्तर लिहिलं: एकही नको. पेचकसांचे दोन संच, फ्यूज, एक मल्टिमीटर, आणि दोन महिने राहून गुरुजींना पुढचं शिकवील असा एक माणूस. सामान पार्सलनं आधी पोचलं. माणूस जानेवारीत आला आणि मार्चपर्यंत राहिला.