चढावरील इंटरव्हल धाव

चढावरील इंटरव्हल धाव ही मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंची एक सरावपद्धती आहे. तीत चढावर जोरात धावणे आणि सावकाश उतरत दम खाणे यांची आवर्तने केली जातात. सपाटीवरील इंटरव्हल सरावाला १९३० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर यांनी शास्त्रीय बैठक दिली. चढावरील सरावाला प्रतिष्ठा लाभली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांच्यामुळे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल (८०० मीटर) व मरे हॅलबर्ग (५,००० मीटर) यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. या यशाचे श्रेय केवळ चढाला देणे मात्र योग्य नव्हे. त्याआधी आठवड्याला सुमारे १०० मैल धावून दमसास कमावला जात असे.

चढावर शरीराचा भार वर उचलावा लागतो. म्हणून सपाटीपेक्षा कमी वेगातही हृदयगती कमाल पातळीजवळ पोहोचते, आणि पावलांना बसणारा धक्का सौम्य राहतो. पोटरी व टाचेमागील स्नायुरज्जूवर मात्र ताण वाढतो. दमसास, म्हणजेच एरोबिक क्षमता, वाढते ती मुख्यतः श्रमाच्या तीव्रतेमुळे व कालावधीमुळे. त्यामुळे घड्याळातील वेगावरून दोन्ही सरावांची तुलना करणे फसवे ठरते. शर्यतीच्या वेगाची सवय सपाटीवरच होते. चढाचा सराव करताना वेगाने उतरणे टाळतात, कारण त्याने मांडीचे स्नायू दुखावतात.